चारही पर्याय एकाच आवाजात

2023 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सोलापुरात नवी पेठेत एका चादरी-टॉवेलच्या दुकानात बिलं लिहिते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. एक बाई आणि तिची बावीसेक वर्षांची मुलगी आत आल्या. मी गादीवरून उठून चादरी काढायला लागले, तर मुलगी म्हणाली, "अक्का, चादर नको. तुमचं शिक्षण किती झालंय?"

"बारावी."

"पुढं शिकला नाहीत ना?"

"नाही."

"मग माझे पेपर लिहाल का?"

ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. दिसत नसल्यामुळे तिला परीक्षेला लेखनिक लागायचा. लेखनिक स्वतः आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी पाहिजे, असा तेव्हा नियम होता. म्हणजे वर्गातल्या मैत्रिणी चालणार नाहीत. खालच्या वर्गातल्या मुलींची परीक्षा त्याच दिवसांत. दोन वर्षं जी शेजारीण लिहायची, ती लग्न होऊन पुण्याला गेली. आमच्याकडे माल आणणाऱ्या टेम्पोवाल्यानं तिच्या आईला सांगितलं होतं, त्या दुकानातल्या बाईचं अक्षर छापल्यासारखं आहे.

गेली पंचवीस वर्षं 'बारावीच झालीय' हे मी मान खाली घालून सांगत आले. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी नेमकं तेवढंच शिक्षण हवं होतं. मालकांना विचारलं. सहा पेपर, सहा अर्धे दिवस. ते म्हणाले, "जा की."

हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं. लिहा म्हणाली, पण नाव घालू नका. म्हणून तिचं नाव इथं नाही.

तिचं घर विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि कापलेली पानं, बोटं चालूच. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आईला मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. मी रोज संध्याकाळी दुकान सुटल्यावर जायचे आणि नऊपर्यंत बसायचे.

पहिल्याच दिवशी मी चुकले. बसथांब्यावर ती मला घ्यायला आली होती, हातात पांढरी काठी. रस्ता ओलांडायचा म्हणून मी तिचा दंड धरला आणि भराभर पलीकडे नेलं. पलीकडे पोचल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अक्का, असं धरलं की मला ढकलल्यासारखं होतं. मी तुमचं कोपर धरते. तुम्ही नुसतं चाला." तिनं माझ्या कोपराच्या जरा वर हात ठेवला आणि अर्धं पाऊल मागं राहिली. मी पायरी उतरले की माझं कोपर खाली जातं, त्यावरून तिला पायरी कळते. मी वळले की वळण कळतं. सांगायची गरजच नाही. इतकी वर्षं रस्त्यात दिसेल त्या अंध माणसाचा हात धरून मी पुण्य केल्याच्या समाधानात घरी जात होते. त्यातल्या एकालाही मी विचारलं नव्हतं, तुम्हाला कुठं जायचंय.

दुसरी गोष्ट मला तिच्या डोळ्यांबद्दल कळायला हवी होती. ती खोलीत शिरली की ट्यूबलाइटकडे बघायची. कधी माझ्या तोंडाकडे अगदी नीट बघून बोलायची. मग मला शंका यायची, हिला दिसतंय की काय? विचारायला लाज वाटत होती. तिनंच ओळखलं. म्हणाली, "हात लांब करा. मूठ वळा. आता एक डोळा मिटा आणि त्या मुठीमागं जेवढं झाकलं जातं तेवढंच दिसतंय, बाकी काही नाही, असं धरा. माझं त्याहून कमी."

तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी रात्रीचं दिसेनासं होतं. मग कडेनं अंधार आत यायला लागतो आणि मधे एक भोक उरतं. सहावी-सातवीत ती संध्याकाळी अंगणात धडपडायची तेव्हा लोक म्हणायचे, पोरगी वेंधळी आहे. अकरावीत फळ्यावरचं जायला लागलं, मग पुस्तकातलं. हात लांब केल्यावर आपली मूठ साधारण दहा अंशांची भरते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचा घेर दहा अंशांहून कमी असेल तर माणूस अंध धरला जातो, समोरचं थोडं दिसत असलं तरी. हा कायदा येण्याआधी, 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. पण आपल्या डोक्यात अजून दोनच खाने आहेत, दिसतं आणि दिसत नाही. मधल्या माणसाला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. काठी घेतली तर "अगं तुला तर दिसतं", आणि नाही घेतली तर "बघून चाल की".

ब्रेल तिला येत नाही. माझी समजूत होती की प्रत्येक अंधाला येतं. नजर उशिरा गेली, तोवर शाळा संपत आली होती, शिकवणारं कुणी भेटलं नाही. ती फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय, लावून ऐकते. तो आवाज एवढ्या वेगानं पळतो की मला एक शब्द कळेना आणि ती मात्र मधेच थांबवून म्हणायची, "इथं छपाईची चूक आहे." नोट्स फोटो काढून फोनला वाचायला देते, पण हातानं लिहिलेल्या नोट्स फोनला नीट लागत नाहीत, त्या मी मोठ्यानं वाचायच्या. एकेक नोट पाच-सहा वेळा. त्या महिन्यात माझाही इतिहास पाठ झाला, आणि पुढं त्याचाच त्रास झाला.

सरावाला आम्ही जुने पेपर घ्यायचो. ती सांगायची, मी लिहायचे, शेवटी मी सगळं वाचून दाखवायचे. एका पेपरात सोलापूरच्या 1930 च्या मार्शल लॉवर टीप होती. हे तर आमच्या अंगणातलं. मी रोज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून दुकानात जाते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. तिनं छान सांगितलं, पण शेवटी म्हणाली, "12 जानेवारी 1932 ला येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आलं." मी 1931 लिहिलं. काहीच विचार केला नाही, हातानंच लिहिलं. बिल लिहिताना गिऱ्हाइकानं नऊ म्हटलं आणि समोर दहा नग असले तर मी दहाच लिहिते, तसं.

वाचून दाखवताना ती थांबली. "मी एकतीस म्हटलं?"

"नाही, बत्तीस म्हटलंस. पण एकतीस आहे ना, म्हणून..."

ती काही वेळ गप्प. आईचे हातही थांबले. मग म्हणाली, "अक्का, उद्या परीक्षेत हे केलंत तर कॉपी होईल, तुमचं आणि माझं दोघींचं नाव जाईल, ते एक झालंच. पण मला मार्क मिळाले तर ते माझे नसतील. आधीच सगळे म्हणतात, हिचा पेपर दुसरीच लिहिते."

मी काय बोलणार. ते पान मी खोडलं नाही, अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर तिनं मला शिकवलं, ते कुठल्या सूचनेत लिहिलेलं नाही. प्रश्न वाचताना त्याचे गुण आणि मधला 'किंवा'सुद्धा वाचायचा. आधी सगळी प्रश्नपत्रिका एकदा सलग, मग एकेक. ती 'पूर्णविराम' म्हणेल तिथंच पूर्णविराम. ती थांबली तर वाट बघायची, "मग?" म्हणायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही, पेन वाजवायचं नाही. दर अर्ध्या तासानं फक्त वेळ सांगायची, "लवकर कर" नाही. विशेषनाव असेल तर ती अक्षरं फोडून सांगेल, तशीच लिहायची.

सगळ्यात अवघड निघाले ते बहुपर्यायी प्रश्न. मला वाटलं, त्यात काय, चार पर्याय वाचायचे. दहा प्रश्न झाल्यावर ती म्हणाली, "अक्का, तुमचा आवाज बरोबर उत्तरावर थांबतो." मी नाही म्हटलं. तिनं फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. खरंच होतं. अ, ब, ड एका पट्टीत, आणि क वर माझा आवाज एवढासा जड व्हायचा, जसा आपण लहान पोराला "हे घे" म्हणताना होतो तसा. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी प्रयत्न करून दाबला तर उलटंच झालं, बरोबर उत्तर घाईत उरकायला लागले, तेही तिनं पकडलं. आठ दिवस लागले. शेवटी मी अर्थाकडे लक्षच न देता, चादरीचे भाव वाचतात तसं वाचायला शिकले. आपल्याला ठाऊक असलेलं आपल्या गळ्यात दिसू न देणं, एवढं कष्टाचं काम मी दुसरं केलेलं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. तिचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, माझं आधार, माझी बारावीची गुणपत्रिका, दोघींचे फोटो, हमीपत्र. तीन खेपा झाल्या. ट्रंकेतून गुणपत्रिका काढताना हात थरथरला, तेवढंच.

कागद द्यायच्या खिडकीपुढं रांगेत आमच्या पुढं एक मुलगा होता. त्याची बोटं लिहिताना आखडतात, तासाभरात पेन धरवत नाही. पण प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाची टक्केवारी चाळीसच्या खाली. खिडकीतून त्याला सांगितलं होतं, चाळीस नाही, लेखनिक नाही. तो परत निघाला होता. तिनं आवाजावरून त्याला थांबवलं. 11 फेब्रुवारी 2021 ला सुप्रीम कोर्टानं विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात निकाल दिलाय, त्याला हाताच्या आखडण्यामुळं लिहिता येत नव्हतं. कोर्ट म्हणालं, लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. मग 2022 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं चाळीसच्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या, लिहिण्यात अडचण असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र लागतं. हे सगळं तिनं त्याला तोंडपाठ सांगितलं आणि फोनमधली पीडीएफ पाठवली. तिच्या फायलीत या असल्या कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशव्यांत असतात. कुठल्या पिशवीत काय हे कळायला प्रत्येकीच्या कोपऱ्याला आईनं वेगवेगळ्या गाठींचा विडीचा दोरा बांधून दिलाय. एक गाठ कार्ड, दोन गाठी परीक्षेबद्दलच्या केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचना, तीन गाठी कोर्टाचा निकाल.

परीक्षा एप्रिलात. सोलापूरचा एप्रिल, सकाळी दहालाच रिक्षाची सीट चटके देते. केंद्राचं नाव घेत नाही. आम्हाला तळमजल्यावर एका सामानाच्या खोलीत बसवलं. वेगळी खोली हवीच होती, कारण आम्ही बोलणार. पण तिथं दर दहा मिनिटांनी कुणीतरी रजिस्टर न्यायला यायचं.

पर्यवेक्षकांनी हजेरीचा कागद माझ्यापुढं धरला आणि मला विचारलं, "हिचं नाव काय? ही सही करते का अंगठा?"

तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण माझ्या मनगटावर तिची बोटं होती. ती म्हणाली, "सर, माझं नाव मी सांगते. सहीची ओळ कुठं आहे ते अक्का दाखवतील." मग तिनं पाकिटातून कार्ड काढलं. ऐंशी टक्के आणि वरच्यांचं कार्ड निळं असतं, तसं निळं. मी तिचं बोट ओळीवर ठेवलं. तिनं कार्डाची खालची कड त्या ओळीला लावली, डाव्या अंगठ्यानं दाबून धरली आणि कडेला पेन घासत सही केली. सरळ, चौकटीत. कार्ड उचललं, पुसलं, पाकिटात ठेवलं. सर बघत राहिले. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या पेपरला ते तिच्याशीच बोलले.

वेळेचं मात्र भांडण झालं. पेपर तीन तासांचा. तीन तास वीस मिनिटांनी सर म्हणाले, "झाली जादाची वीस मिनिटं, द्या पेपर." माझ्या हातात पाचव्या प्रश्नाचं अर्धं वाक्य. मी उठलेच होते. तिनं पुन्हा माझा हात दाबला, फाईल उघडली, दोन गाठींची पिशवी चाचपून काढली आणि म्हणाली, "सर, वीस मिनिटं पेपरला नाहीत, तासाला आहेत. 29 ऑगस्ट 2018 च्या सूचना. तीन तासांना एक तास." सर कागद घेऊन केंद्रप्रमुखांकडे गेले. आम्ही थांबलो नाही. ती सांगत राहिली, मी लिहीत राहिले. दहा मिनिटांनी कागद परत आला, वेळ मिळाली. पण तिचा धागा तुटला होता. शेवटचं उत्तर नेहमीपेक्षा निम्मं झालं. त्या दहा मिनिटांचा हिशोब कुठल्याच कागदात लागत नाही.

इतिहासाच्या पेपरात पुणे करार आला. तिनं पार्श्वभूमी सांगितली, गोलमेज परिषद, जातीय निवाडा, गांधीजींचं उपोषण, बाबासाहेबांची भूमिका. मग म्हणाली, "24 सप्टेंबर 1931 रोजी येरवडा तुरुंगात हा करार झाला."

बत्तीस. ती नोट मी तिला सहा वेळा वाचून दाखवली होती. दोन्हीकडे येरवडा होतं आणि तिच्या डोक्यात हुतात्म्यांचं साल या करारावर येऊन बसलं होतं. माझं पेन कागदावर टेकलेलं. पंख्याचा आवाज. तिला माझं थांबणंसुद्धा कळलं असतं, म्हणून मी थांबले नाही. एकतीस लिहिलं. शेवटी वाचून दाखवताना पुन्हा तोच आकडा आला आणि मी तो बाकीच्या आकड्यांसारखाच वाचला. ती म्हणाली, "पुढं."

घशात आवंढा होता. एका सालानं काय होतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण ती एका-एका मार्कासाठी महिनाभर जागली होती, हेही मला ठाऊक होतं.

परतीच्या रिक्षात सात रस्त्याच्या सिग्नलला ती एकदम ताठ बसली. "अक्का, पुणे कराराचं साल मी काय सांगितलं?"

"एकतीस."

"बत्तीस पाहिजे होतं."

"हो."

"तुम्ही काय लिहिलं?"

"एकतीस."

तिनं माझं कोपर शोधलं आणि धरलं, चालताना धरते तसं. घर येईपर्यंत सोडलं नाही. उतरल्यावर आईनं शेंगाचटणीची पुडी माझ्या पिशवीत टाकली. रिक्षाचे पैसे मुलीनंच दिले. त्याबाबतीत ती कुणाचं ऐकत नाही, आणि मी आता वाद घालत नाही.

ती पहिल्या वर्गात पास झाली. सध्या बँकेच्या परीक्षा देते. सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे, पण परीक्षा सगळ्यांसारखीच द्यावी लागते. पेपर संगणकावर असतो, बहुतेक प्रश्न बहुपर्यायी, पाच-पाच पर्याय. लेखनिकानं पडद्यावरचं वाचायचं आणि ती सांगेल त्यावर माऊस दाबायचा. म्हणजे माझा तो आवाज पुन्हा आडवा येतो. गणितं मला सुटत नाहीत, तिथं प्रश्न नाही. पण सामान्य ज्ञान आलं की गळा पुन्हा जड होतो.

आता आम्ही संध्याकाळी आईला समोर बसवतो. तिला प्रश्नातलं काही कळत नाही, त्यामुळं ती फक्त आवाज ऐकते. मी वाचते, ती विड्या वळते, आणि माझा आवाज कुठं थांबला असं वाटलं की हातातलं पान सुपात ठेवते. काल वीस प्रश्नांत तिनं तीनदा पान ठेवलं. तिन्ही वेळा उत्तर तेच होतं. आज पुन्हा बसणार आहोत.